बाबांचे अझ्टेका, मुलाचा मेस्सी आणि सतरा दिवसांचा बेत

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी ४५ वर्षांच्या असून नोकरी करतात. त्यांच्या ७२ वर्षांच्या वडिलांना फुटबॉलचे वेड आहे. १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर माराडोनाने इंग्लंडविरुद्ध केलेले दोन गोल त्यांनी मध्यरात्री शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिले, आणि ‘ते मैदान एकदा डोळ्यांनी बघायचे आहे’ हे त्यांचे वाक्य तेव्हापासून घरात सर्वांना पाठ आहे. भगिनींचा १६ वर्षांचा मुलगा मेस्सीचा भक्त आहे. त्याने अर्ज केला आणि २०२६ च्या विश्वचषकातील डॅलसच्या अर्जेंटिना–ऑस्ट्रिया सामन्याची तीन तिकिटे सोडतीत मिळाली. त्यावरून भगिनींनी सतरा दिवसांचा बेत आखला आहे: ११ जूनला मेक्सिको सिटीत उद्घाटनाचा सामना, १६ जूनला कॅन्सस सिटीत अर्जेंटिना–अल्जीरिया, तिन्ही यजमान देश पाहून व्हावेत म्हणून मध्ये टोरंटो, २२ आणि २७ जूनला डॅलस, आणि अर्जेंटिना पुढे गेली तर सुटी वाढवून तिच्या मागोमाग. वडिलांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना हा बेत अजून सांगितलेला नाही, कारण तो त्यांच्यासाठी आश्चर्याचा धक्का असणार आहे. साठवलेले पैसे पुरणार नाहीत, म्हणून मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी का, असा प्रश्न आहे. पती म्हणतात, ‘सामने टीव्हीवर जास्त चांगले दिसतात.’ भगिनींचा भाऊ ह्यूस्टनला राहतो.

तुमच्या पत्रात ‘शेवटची संधी’ हे शब्द चार वेळा आले आहेत. एकदा बाबांच्या वयाविषयी, एकदा मेस्सीविषयी, एकदा मुलगा पुढच्या वर्षी अभ्यासात बुडून जाईल याविषयी, आणि एकदा, पत्राच्या अगदी शेवटी, स्वतःविषयी. यातली कोणतीही गोष्ट खोटी नाही. येत्या २४ जूनला मेस्सी ३९ वर्षांचा होईल आणि त्याचा वाढदिवस अर्जेंटिनाच्या डॅलसमधील दोन सामन्यांच्या बरोबर मध्ये येतो. बाबांचे गुडघेही दरवर्षी थोडे थोडे कुरकुरणारच. पण चार माणसांच्या चार शेवटच्या संधी एकाच वेळापत्रकात कोंबल्या की त्यातली एकही धडपणे हाती लागत नाही, अशी मला भीती वाटते, आणि हे उत्तर मी मुख्यतः त्या भीतीपोटी लिहीत आहे. तुम्ही जाऊ नये असे मला अजिबात वाटत नाही. तुम्ही जावे, पण जेवढे आखले आहे त्याच्या निम्मेच करावे.

आधी या स्पर्धेचा पसारा नकाशावर नीट पाहा. यंदा ४८ संघ, १०४ सामने आणि तीन देशांतली १६ यजमान शहरे आहेत: अमेरिकेत ११, मेक्सिकोत तीन आणि कॅनडात दोन. स्पर्धा ११ जूनला सुरू होऊन १९ जुलैला न्यू जर्सीतील अंतिम सामन्याने संपेल. २०२२ साली मी कतारला गेले होते, तेव्हा आठही स्टेडियम दोहात आणि तिच्या आसपास होती. एकाच खोलीत सामान ठेवून रोज नवा सामना पाहता येत होता, आणि मनात आणले तर एका दिवसात दोनही. मेट्रोच्या वाटेवर टेनिसच्या पंचासारख्या उंच खुर्चीत बसलेले स्वयंसेवक, हातात फोमचा मोठा पंजा घेऊन, रात्री उशिरापर्यंत ‘मेट्रो, धिस वे’ असे गाऊन दिशा दाखवत असत. ते ऐकत चालले की वाट चुकायची सोय नव्हती. तुमच्या मनातला विश्वचषक बहुधा असा आहे. यंदाचा तसा नाही. टोरंटो ते डॅलस हे अंतर सुमारे १९०० किलोमीटर आहे, आणि मेक्सिको सिटीहून निघून कॅन्सस सिटी, टोरंटो करत डॅलसला पोहोचायचे म्हणजे तीन मोठे विमानप्रवास आणि देशाची सीमा तीनदा ओलांडणे. ज्या दिवशी विमानाचा प्रवास असतो तो दिवस हिशेबातून वजाच धरावा लागतो. तुमच्या सतरा दिवसांतले किती दिवस विमानतळावर जातात, हे कागदावर मांडून पाहा. मी मांडले तेव्हा पहिला आणि शेवटचा प्रवास धरून सहा दिवस झाले.

‘अर्जेंटिना पुढे गेली तर तिच्या मागोमाग जाऊ’ हे वाक्य तुम्ही जितक्या सहज लिहिले आहे, तितके ते सोपे नाही. अर्जेंटिना ‘जे’ (J) या गटात अल्जीरिया, ऑस्ट्रिया आणि जॉर्डनसोबत आहे. गटात पहिली आली तर तिचा पुढचा सामना ३ जुलैला मायामीत होईल, दुसरी आली तर २ जुलैला लॉस एंजेलिसमध्ये. ही दोन शहरे देशाच्या दोन टोकांना आहेत आणि त्यांच्यात सुमारे पावणेचार हजार किलोमीटरचे अंतर आहे. यंदा १२ गटांतील सर्वोत्तम आठ तिसऱ्या क्रमांकाचे संघही बाद फेरीत जातात, त्यामुळे ती तिसरी आली तर सामना कुठे होईल हे इतर गटांच्या निकालांवर अवलंबून राहील. २७ जूनच्या रात्री हा उलगडा झाल्यावर चार ते सहा दिवसांवर आलेल्या सामन्याची तिकिटे, विमान आणि तीन माणसांची खोली शोधायची, तीही त्याच वेळी तेच शोधणाऱ्या हजारो चाहत्यांबरोबर. पाठीवर एक पिशवी टाकून निघणारी तरुण मुले हे करतात आणि त्यांना ते शोभते. ज्यांच्या सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल आहे, अशा कोणत्याही वाचकाला मी संघाच्या मागे धावू नका असेच सांगेन. गटातले सामने कुठे आणि केव्हा आहेत हे आधीपासून ठरलेले असते. आपला बेत तेवढ्यावरच उभा करावा, आणि पुढचे सामने जिथे असू तिथल्या गर्दीत उभे राहून मोठ्या पडद्यावर पाहावेत.

आता बाबांविषयी. त्यांना आश्चर्याचा धक्का देण्याची तुमची इच्छा प्रेमातून आलेली आहे हे मला कळते, पण हे गुपित फार दिवस टिकणार नाही आणि टिकवूही नये. अमेरिकेच्या व्हिसासाठी त्यांच्या नावाने डीएस-१६० हा अर्ज भरावा लागेल, त्यात त्यांच्या पूर्वीच्या नोकरीची आणि प्रवासाची माहिती लागेल, आणि मुलाखतीला त्यांना स्वतः जाऊन ‘तुम्ही कशासाठी जात आहात?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यावे लागेल. तुमचा दुसरा समज असा दिसतो की तिकिटे मिळाली म्हणजे व्हिसाचे काम झालेच. तसे नाही. थेट फिफाकडून तिकीट घेतलेल्यांना मुलाखतीची तारीख लवकर मिळावी, यासाठी ‘फिफा पास’ नावाची सोय केलेली आहे, तिचा लाभ जरूर घ्या. पण लवकर मिळते ती तारीख, व्हिसा मिळेलच याची हमी त्यात नाही. अधिकारी प्रत्येकाचा अर्ज नेहमीच्याच कसोट्यांवर तपासतो. म्हणून तिघांचे व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे एकही बुकिंग करू नका, मग ते कितीही स्वस्त दिसो.

या व्हिसाचा एक मोठा फायदा तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही. भारतीय पारपत्रधारकाकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणजे बाबांच्या अझ्टेकाची वाट तुमच्या अमेरिकी व्हिसातूनच उघडते. मात्र मेक्सिकोहून तुम्ही अमेरिकेत परत येणार असल्यामुळे तो व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे शिक्का पाहून खात्री करून घ्या. कॅनडासाठी मात्र पूर्णपणे वेगळा व्हिसा, वेगळे शुल्क आणि वेगळी प्रतीक्षा आहे. ‘तिन्ही देश पाहून व्हावेत’ हे त्याचे एकमेव कारण असेल, तर टोरंटो आजच खोडून टाका. तिथे बाबांचे काही नाही आणि तुमच्या मुलाचेही काही नाही.

मग उरते काय? माझ्या मते पुष्कळ उरते, आणि त्याचा मुख्य आधार तुमच्या हाताशीच आहे, तो म्हणजे ह्यूस्टनचा भाऊ. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, पण बेताचा पाया मी तिथेच घातला असता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सरळ त्याच्याकडे उतरा आणि पहिले तीन-चार दिवस काहीही करू नका. साडेदहा तासांचा वेळेचा फरक बाबांच्या शरीरात मुरायला तेवढे दिवस लागतीलच, आणि मेक्सिकोचा उद्घाटनाचा सामना मामाच्या घरी टीव्हीवर पाहता येईल. १५ जूनला मेक्सिको सिटीला जा. १७ जूनच्या संध्याकाळी अझ्टेकावर उझबेकिस्तान आणि कोलंबिया यांचा सामना आहे. १९ ला ह्यूस्टनला परत या. २१ ला डॅलसकडे निघा, २२ ला तुमच्या तिकिटांचा सामना पाहा, आणि मग भावाकडे परतून तिथूनच घरी. एवढाच बेत.

उद्घाटनाच्या सामन्याऐवजी उझबेकिस्तान–कोलंबिया हे वाचून तुम्ही कदाचित खट्टू व्हाल. पण बाबांना पाहायचे आहे ते मैदान, उद्घाटनाचा सोहळा नव्हे. ११ जूनला यजमान मेक्सिको दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळणार आहे. त्या दिवसाच्या तिकिटांवर सगळ्या मेक्सिकोचा डोळा आहे आणि गर्दी व बंदोबस्तही त्या दिवशी सर्वांत जास्त असेल. अझ्टेका हे तीन पुरुष विश्वचषकांचे सामने पाहणारे पहिले स्टेडियम ठरते आहे: १९७०, १९८६ आणि २०२६. पेलेच्या ब्राझीलने १९७० चा अंतिम सामना तिथेच ४–१ ने जिंकला. माराडोनाचे ते दोन गोलही तिथलेच, एक हाताने केलेला आणि चार मिनिटांनी दुसरा, अर्ध्या मैदानातून एकट्याने चेंडू नेत केलेला. या आठवणी १७ तारखेलाही तिथे तेवढ्याच असतील. कोलंबियाचे चाहते पिवळ्या शर्टांत मोठ्या संख्येने येतात आणि नव्वद मिनिटे बसत नाहीत, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. उझबेकिस्तानचा हा पहिलाच विश्वचषक आणि त्यातला हा पहिलाच सामना. ज्याने चाळीस वर्षे फुटबॉल पाहिला आहे, त्या माणसाला एखाद्या देशाचे राष्ट्रगीत विश्वचषकात प्रथमच वाजताना ऐकणे कमी मोलाचे वाटेल असे मला वाटत नाही.

मात्र मेक्सिको सिटीबाबत एक गोष्ट हलक्याने घेऊ नका. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्यामुळे धडधाकट माणसालाही पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते. अँजिओप्लास्टी झालेल्या बाबांनी तिथे जावे की नाही, हे तुम्ही, मी किंवा तुमच्या भावाने ठरवायचे नाही. ते त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, उंचीचा आकडा सांगून विचारा, आणि व्हिसाचे शुल्क भरण्याआधी विचारा. त्यांनी होकार दिला तरी १५ आणि १६ हे दोन दिवस शांतपणे, भरपूर पाणी पीत आणि भरपेट रात्रीचे जेवण टाळत काढायचे, म्हणूनच ते मी बेतात मोकळे ठेवले आहेत. त्यांनी नकार दिला, तर मेक्सिको सोडून द्यावे लागेल, आणि ते दुःख आताच पचवणे तिथे जाऊन रुग्णालयात बसण्यापेक्षा बरे. जूनमध्ये तिथे दुपारनंतर पाऊस येतो, तेव्हा अंगात घालायचे रेनकोट जवळ ठेवा. स्टेडियमकडे मेट्रोच्या दोन क्रमांकाच्या मार्गाने तास्केन्या स्थानकापर्यंत आणि तिथून हलक्या रेल्वेने जाता येते. तुमचा मुलगा तसा जाऊ शकेल, पण बाबांसोबत सामन्याच्या गर्दीत हा मार्ग मी निवडणार नाही. दुपारीच टॅक्सीने जवळ पोहोचावे आणि बंदोबस्ताच्या कड्यापासून पुढे सावकाश चालावे.

चालण्याचे हे मी उगीच सांगत नाही. कतारमध्ये लुसैल स्टेडियमबाहेर एक वृद्ध गृहस्थ फुटपाथच्या कठड्यावर बसलेले मी पाहिले. अर्जेंटिनाचा निळा-पांढरा शर्ट, पायांतले बूट आणि मोजे काढून शेजारी नीट ठेवलेले, आणि ते दोन्ही हातांनी टाचा चोळत होते. त्यांची नात पाण्याची बाटली घेऊन समोर उभी होती आणि ‘अजून किती?’ असे कुणाला तरी विचारत होती. सामना संपून अर्धा तास झाला होता आणि मेट्रोच्या रांगेचे वळण अजून दूर होते. मोठ्या स्पर्धांत स्टेडियमच्या चारी बाजूंना वाहने अडवलेली असतात, त्यामुळे उतरण्याच्या जागेपासून दारापर्यंत एक-दोन किलोमीटर चालणे अगदी नेहमीचे असते. बाबा घरी सलग किती चालतात, ते आत्ताच पाहा. एक किलोमीटरला बसावे लागत असेल तर चाकाच्या खुर्चीची सोय मागा, घडीची खुर्ची भाड्याने मिळते का ते भावाला बघायला सांगा, आणि त्यात कमीपणा आहे असे बाबांना वाटत असेल तर ती समजूत काढायला हाती काही महिने आहेत.

डॅलसबद्दल. सामना प्रत्यक्षात डॅलसमध्ये होणार नाही, तो आर्लिंग्टनला आहे, डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधल्या गावात. तिकिटावर ‘डॅलस स्टेडियम’ असे असेल, कारण या स्पर्धेत प्रायोजकांची नावे स्टेडियमवरून काढलेली असतात. नकाशात शोधताना त्याचे नेहमीचे नाव, एटी अँड टी स्टेडियम, टाका. आर्लिंग्टनला नेहमीची मेट्रो किंवा लोकल नाही, आणि नेमके हेच न पाहता अनेक जण डॅलसच्या मध्यवर्ती भागात खोली घेऊन बसतात. तुमच्याकडे भाऊ आणि त्याची गाडी आहे, तेव्हा स्टेडियमच्या जवळपास दोन रात्रींची खोली घ्यावी, हे उत्तम. हीच सूचना इतर वाचकांसाठीही आहे: यजमान शहराचे नाव पाहून खोली घेऊ नका, स्टेडियमचा पत्ता पाहून घ्या. बॉस्टनचे स्टेडियम फॉक्सबरोला आहे, सॅन फ्रान्सिस्कोचे सँटा क्लाराला आणि न्यूयॉर्कचे तर नदीपलीकडे दुसऱ्या राज्यात. उलट सिॲटल, व्हँकुव्हर आणि ॲटलांटा येथील स्टेडियम शहराच्या पोटातच आहेत. ज्यांना अजून शहर निवडायचे आहे, गाडी नाही आणि कोणताही सामना चालणार आहे, त्यांनी या तिघांचा विचार आधी करावा.

२२ जूनचा सामना भर दुपारी आहे आणि टेक्ससमध्ये त्या दिवसांत पारा ३५ अंशांच्या आसपास असतो, पण आर्लिंग्टन आणि ह्यूस्टन दोन्हींकडे छत आणि वातानुकूलन आहे, त्यामुळे ऊन लागेल ते फक्त रांगेत. आणि आता तुमच्या मुलासाठी एक गोष्ट. दुसऱ्याच दिवशी, २३ जूनला, ह्यूस्टनमध्ये पोर्तुगाल आणि उझबेकिस्तान यांचा सामना आहे. दोन्ही शहरांत रस्त्याने साधारण चार तासांचे अंतर आहे. त्या सामन्याची दोन तिकिटे रास्त दरात मिळाली, तर मामा आणि भाचा २२ च्या संध्याकाळीच गाडीने पुढे निघून जाऊ शकतात, आणि तुम्ही बाबांसोबत रात्रभर विश्रांती घेऊन मागून विमानाने जाऊ शकता. लागोपाठच्या दोन दिवसांत मेस्सी आणि रोनाल्डो! खेळाडू त्या दिवशी मैदानात उतरतीलच याची हमी कुणी देत नाही, ३८ आणि ४१ वर्षांच्या खेळाडूंबाबत तर नाहीच, हे मुलाला आधी स्पष्ट सांगा. पण चार जणांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे, हा हट्ट सोडला की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे काहीतरी येते. २७ जूनचा जॉर्डनविरुद्धचा सामना मी सोडून द्या म्हणेन. तो रात्रीचा आहे, त्यासाठी बाबांना परत आर्लिंग्टनला न्यावे लागेल, आणि तोपर्यंत सगळे थकलेले असाल.

पैशांबाबत माझे मत ठाम आहे: मुलाची ठेव मोडू नका. यंदा तिकिटांचे दर मागणीनुसार बदलतात. फिफाच्या अधिकृत फेरविक्रीच्या जागेवर तर विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के शुल्क घेतले जाते. त्यामुळे ‘बघू, मिळाले तर घेऊ’ म्हणत शिरलेला माणूस तिथून बाहेर पडतो तेव्हा त्याला स्वतःलाच आकडा सांगवत नाही. आजच पती-पत्नी मिळून एक वरची मर्यादा कागदावर लिहा. त्यातून आधी विमानभाडे, मग बाबांचा प्रवास विमा वेगळा काढा. या विम्यात पूर्वीच्या आजारासाठी संरक्षण आहे का, ते कागदपत्र वाचून पाहा आणि अँजिओप्लास्टी लपवू नका. अमेरिकेत रुग्णालयाच्या एका रात्रीचे देयक तुमच्या साऱ्या तिकिटांपेक्षा जास्त येऊ शकते. त्यानंतर अझ्टेकाची तिकिटे. उरले तर पोर्तुगालची दोन. एप्रिलपासून अखेरच्या टप्प्याची विक्री सुरू होते आणि तीत पहिल्या येणाऱ्याला पहिले तिकीट मिळते, तेव्हा मुलाला त्या कामावर बसवा. तो सोडतीत यशस्वी झालाच आहे. कॅन्सस सिटी, टोरंटो आणि जुलै हे तिन्ही वगळल्यावर तुमच्या साठवलेल्या पैशांत बेत बसतो की नाही, हे पाहा. बसत नसेल तर पोर्तुगाल खोडा.

तुमच्या पतींचे ‘टीव्हीवर जास्त चांगले दिसते’ हे म्हणणे तुम्हाला लागले आहे, ते पत्रात दिसते. चेंडू टीव्हीवर जास्त चांगला दिसतो, हे खरेच आहे. पण मला शंका अशी येते की ते दुसरेच काहीतरी म्हणत आहेत: ठेवीची काळजी असेल, सासऱ्यांच्या तब्येतीची असेल, किंवा चौघांच्या घरातले तिघे जात असताना आपल्याला कुणी ‘येता का’ असे विचारलेच नाही, हेही असेल. तुमच्या पत्रात मला तसा प्रश्न कुठे सापडला नाही. टीव्हीबद्दल वाद घालण्याऐवजी तो एकदा विचारून पाहा. त्यांना सुटी मिळत नसेल तर व्हिसाची कागदपत्रे, विम्याची तुलना आणि रोजच्या औषधांची यादी ही कामे त्यांच्याकडे सोपवा. घरी राहणाऱ्या माणसाकडे बेताची एक दोरी असली की तो बेत त्याचाही होतो.

सामन्याच्या दिवसाबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवते. तिकीट फोनमधल्या ॲपमध्ये असते. दोहात स्टेडियमच्या दाराशी माझ्या फोनची बॅटरी संपली, आणि मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलीने तिची पॉवर बँक दिली नसती तर मी बाहेरच राहिले असते. तिन्ही तिकिटे एकाच फोनवर ठेवू नका, प्रत्येकाचे त्याच्या फोनवर पाठवा आणि बाबांना ते उघडायचे कसे हे घरीच चार वेळा करून दाखवा. दुसरे, आत फक्त छोटी पारदर्शक पिशवी नेता येते, म्हणून बाबांची त्या दिवसाची औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तीत ठेवा. सामना नसलेल्या दिवशी डॅलसच्या फेअर पार्कमध्ये आणि मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकात मोठ्या पडद्यांवर सामने दाखवण्याची सोय आहे. मुलाला तिथे एखादी संध्याकाळ मोकळे सोडा.

आणि हे काहीच जमले नाही, व्हिसाची तारीख उशिराची मिळाली किंवा डॉक्टर नाही म्हणाले, तर? तर तिकिटे अधिकृत फेरविक्रीत घालता येतात. २०३० चा विश्वचषक मुख्यतः स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत आहे, जिथे अंतरे यापेक्षा कितीतरी कमी आहेत. तुमचा मुलगा तेव्हा २० वर्षांचा असेल आणि कदाचित आजोबांना त्यानेच नेलेले असेल. बाबा तेव्हा ७६ वर्षांचे असतील, हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच या वर्षीचा लहान बेत मनापासून करून पाहा असे सांगते आहे.

येत्या रविवारी दुपारचा चहा झाला की सामन्यांचे वेळापत्रक छापून घेऊन बाबांच्या शेजारी बसा. पहिल्यांदा व्हिसाचे, डॉक्टरांचे किंवा पैशांचे काढू नका. १७ जूनच्या ओळीवर बोट ठेवा आणि स्टेडियममध्ये त्यांना कोणत्या बाजूला बसायचे आहे ते विचारा. माराडोनाने तो दुसरा गोल कोणत्या बाजूच्या जाळ्यात मारला, हे त्यांना नक्की आठवत असेल, आणि तिकिटे घेताना जागा निवडता आली तर तुम्हाला ते लागेल.